ती मुलगी कुठे गेली?

ऑस्लो, १४ जानेवारी २०२४

तोरुन,

आधी बस. बसलीस? मग ऐक. आपल्या सिनेमाचा दुसरा भाग होतोय. फिल्म संस्थेचं पत्र काल आलं. मी ते तीनदा वाचलं आणि मग स्वयंपाकघरात उभ्या उभ्या अख्खा ब्राऊन चीजचा तुकडा खाल्ला, ब्रेडशिवाय.

१९७४च्या पहिल्या खेळानंतर मी पडद्यासमोर उभा राहून बढाई मारली होती, आठवतंय? तुझ्याकडे बोट दाखवून म्हणालो, उरलेली गोष्ट पन्नास वर्षांनी सांगेन, याच मुलीला घेऊन. रंग फासलेलं म्हातारपण मला नको, ती खरोखर म्हातारी होईपर्यंत मी थांबेन. सगळं थेटर हसलं होतं. तू हसली नव्हतीस.

हल्लीच्या पोरांना ती गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते, म्हणून तुलाही सांगून बघतो. एका बेटावर दर शरदात मृत्यू होडी वल्हवत येतो आणि एकाला घेऊन जातो. एका वर्षी तो चोवीस वर्षांच्या मारितला न्यायला येतो. ती जाळं विणत असते. ती म्हणते, "आत्ता वेळ नाही, नंतर ये." नावाड्याला तिचा उद्धटपणा आवडतो. तो पन्नास वर्षांची मुदत देऊन निघून जातो. इथे पहिला भाग संपला. आता पन्नास वर्षांनी तो येतो. धक्क्यावर एक म्हातारी उभी असते. तो तिला विचारतो, "ती मुलगी कुठे गेली?" ती म्हणते, मीच ती. त्याचा विश्वास बसत नाही. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे ती स्वतःची ओळख पटवत राहते.

हे मी तिसाव्या वर्षी लिहिलं होतं, तोरुन! तेव्हा मला म्हातारपणाचं काय कळत होतं? पण बघ, एक शब्द बदलावासा वाटत नाही.

इंगविल्ड नावाची माझी सहायक फेब्रुवारीत कॅमेरा घेऊन तुझ्याकडे येईल. दहा-बारा मिनिटांची चाचणी. हुशार आहे, जरा कमी बोलते. शिवाय विमा कंपनीला तुझी तब्येत तपासून हवी आहे, तेवढी बोडोला एक खेप घाल. मृत्यूवरच्या सिनेमात मध्येच कोणी मरू नये म्हणून विमा! थोडी तरी हस.

तुझाच,
आइलिफ


स्कार्वोय, १९ फेब्रुवारी

आइलिफ,

पत्र येऊन महिना झाला. लगेच उत्तर दिलं असतं तर तुला वाटलं असतं की मी पन्नास वर्षं टपालपेटीला टेकूनच उभी होते.

तुझी इंगविल्ड येऊन गेली. पोरगी मला आवडली. रंग नाही, पावडर नाही, मला धक्क्यावर बसवलं आणि म्हणाली, "काही करू नका, नुसतं पाण्याकडे बघा." मी म्हटलं, बाई, इथे सगळे हेच करतात, यासाठी ऑस्लोहून माणूस येतं हे ठाऊक नव्हतं. वारा असा होता की नाक वाहत होतं. तेही तिने घेतलं.

बोडोलाही जाऊन आले. डॉक्टरीणबाईंनी मला सायकलवर बसवून वीस मिनिटं पळवलं, छातीला तारा लावून. अहवाल सरळ कंपनीकडे जातो म्हणाल्या. परतीच्या बोटीत गुडलाउगचा फोन. माझी बहीण सत्तरीची झाली तरी आरशापासून हलत नाही. "सिनेमात जातेयस तर केस तरी रंगव," म्हणे. मी म्हटलं, या केसांवर मी पन्नास वर्षं मेहनत घेतलीय.

आता खरं सांगते. मी वाट बघत नव्हते. ओड्डशी लग्न केलं, शाळेत तीस वर्षं पोरांना पाढे शिकवले, ओड्डला पुरलं, बदकं सांभाळली. फक्त दर वाढदिवसाला मनात आकडा यायचा, अजून अठरा, अजून नऊ. सहा वर्षांपूर्वी डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, पापण्या उतरल्यात, छोटंसं ऑपरेशन करू, बरं दिसेल. मी नको म्हटलं. त्या पापण्या मी मारितसाठी ठेवल्या होत्या. हे कुणाला सांगितलं नव्हतं, तुलाही सांगायला नको होतं. आता पत्र फाडून दुसरं लिहायचा कंटाळा आलाय.

एक अट. चित्रीकरण जुलैनंतर. एप्रिलमध्ये ईडर बदकं समुद्रावरून अंडी घालायला येतात. त्याआधी आम्ही शेवाळ वाळवून त्यांच्या दगडी खुराड्यांत मऊ घरटी करून ठेवतो. घरटं तयार नसेल तर बदक थांबत नाही, आणि एकदा रुसून गेलं की परत येईल याचा भरवसा नाही. माझ्याकडे गेल्या साली बावीस होती. ती अंड्यांवर असताना बेटावर कुणी मोठ्याने शिंकतही नाही, तुझी वरात कुठे घेऊन येतोस!

तोरुन


ऑस्लो, ८ मार्च

प्रिय तोरुन,

हे पत्र लिहायला चार दिवस घेतले, तरी नीट जमलेलं नाही.

विमा कंपनीने तुला नाकारलं. हृदय. मला सविस्तर सांगत नाहीत, पण 'धोका फार' असं म्हणाले. मी भांडलो. टेबलावर मूठ आपटली. पण विम्याशिवाय कॅमेरा हलत नाही, हा धंद्याचा नियम आहे. माझं काही चालत नाही.

तुझी तब्येत जप. जड उचलू नकोस, चढ चढू नकोस. सिनेमापेक्षा तू महत्त्वाची आहेस.

मारितचं काम हेन्रिएटे करेल. एकोणपन्नास वर्षांची आहे, नाव मोठं आहे. लंडनहून एक माणूस येतोय, तो तिच्या चेहऱ्यावर रबराचं म्हातारपण चढवेल. पाच तास लागतात म्हणे. मला ठाऊक आहे मी काय बोललो होतो. पण सिनेमा होणं की न होणं, असा प्रश्न आहे.

मोठ्या तोंडाने एक मागतो. तिला बेटावरची बोली येत नाही, आणि म्हातारी माणसं दगडांवरून चालताना पाऊल कसं टाकतात तेही नाही. मे महिन्यात ती आठवडाभर तुझ्याकडे आली तर? तुझं काहीतरी या सिनेमात राहील.

तुझा,
आइलिफ


स्कार्वोय, २५ एप्रिल

आइलिफ,

पाठव तिला. मागची खोली रिकामी आहे.

तू लिहिलंस ते वाचून मी आधी चिडले, मग घाबरले. तोवर मला हृदय आहे हे मी विसरूनच गेले होते. आता रात्रंदिवस ते ऐकते. जिना चढताना मध्ये थांबते. शेजारचा हालदोर लाकडं आणून टाकतो आणि माझ्याशी असा हळू बोलतो, जणू मी आधीच शवपेटीत आहे. गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. पाद्रीसुद्धा येऊन गेले, वॉफल खाऊन गेले, कुठली भजनं आवडतात ते सहज म्हणून विचारून गेले. मी सांगितलीही.

शेवाळ किनाऱ्यावरून वर वाहून न्यायचं म्हणजे ओझं आणि चढ, दोन्ही. तू जड उचलू नकोस म्हणालास. मी उचललं नाही. हालदोरला सांगितलं, पण त्याचं पोट समुद्रावर, ऐन मासळीच्या दिवसांत त्याला कुठला वेळ? घरटी तयार झाली नाहीत. बदकं तेरा तारखेला आली. दोन दिवस दगडांभोवती फिरली, आत डोकावली, आणि गेली. मी खिडकीतून बघत होते. एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगणात शांतता आहे.

माझी तक्रार नाही. शरीर आहे, कधीतरी थकणारच. फक्त हे बोडोच्या बाईंनी मला तोंडावर सांगायला हवं होतं. सायकलवर तर छान हसत होत्या.

तोरुन


स्कार्वोय, १३ मे

आइलिफ,

काल मी बोडोला फोन केला. म्हटलं, निदान गोळ्या तरी लिहून द्या.

डॉक्टरीणबाईंना आधी कळेनाच मी कशाबद्दल बोलतेय. मग त्यांनी माझा कागद काढला आणि वाचून दाखवला. हृदय उत्तम. वयाच्या मानाने फारच उत्तम. कंपनीने पाच मार्चला होकार कळवला आहे, कसलीही अट न घालता. मी पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला हे कुणी सांगितलं? तुम्ही शेळीसारख्या डोंगर चढाल."

पाच मार्चला होकार. आठ मार्चला तुझं पत्र.

मी दोन महिने मेलेली होते, आइलिफ. तू मारलंस. का, ते लिही. गोड लिहू नकोस. खोटं लिहिलंस तर मला कळेल, कारण तुला मी तुझ्या तिन्ही बायकांपेक्षा जास्त दिवस ओळखते.

आणि तुझ्या हेन्रिएटेला सांग, येऊ नकोस. दगडांवरून कसं चालायचं ते तिला लंडनचा माणूस शिकवेल.

तोरुन


ऑस्लो, २७ मे

तोरुन,

गोड लिहीत नाही.

इंगविल्डने चाचणी आणली. मी एकटाच पडद्यासमोर बसलो. मी त्या मुलीची वाट बघत होतो. वेडेपणा आहे, पण खरं आहे. पन्नास वर्षं तू माझ्या डोक्यात चोवीसचीच होतीस, केस वाऱ्यावर, तोंडात सुई धरलेली. मी म्हातारपणावर सिनेमा करत होतो आणि तू म्हातारी झाली असशील हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. दिवे मालवले आणि पडद्यावर माझी आई बसलेली होती. शेवटच्या वर्षातली आई, जिला भेटायला मी जायचं टाळत होतो. मी तिसऱ्या मिनिटाला उठून बाहेर गेलो. उरलेलं मी कधी पाहिलंच नाही.

हे तुला कसं सांगणार होतो? म्हणून विम्याचं नाव पुढे केलं. तू दुखावशील असं वाटलं होतं. तू विश्वास ठेवशील, चढ चढायचं बंद करशील, बदकं जातील, हे खरंच डोक्यात आलं नाही. मी भित्रा माणूस आहे. म्हातारपण मला फक्त कागदावर आवडतं.

आता उरलेलं ऐक आणि हवं तेवढं हस. विमा कंपनीने एकाला खरोखरच नाकारलं आहे. मला. डोळे. मध्यभागी एक डाग पडतो आणि तो वाढत जातो, कडेकडेचं तेवढं दिसत राहतं. उजवा डोळा गेल्या वर्षीच गेला, हे मी सगळ्यांपासून लपवलं होतं. आता डाव्यातही सुरुवात झालीय. ज्याला दिसत नाही त्याला दिग्दर्शक म्हणून ते घेत नाहीत, आणि त्यांचं चूक नाही.

सिनेमा इंगविल्डकडे गेला. तिने पहिल्याच दिवशी रबरवाल्याला नको म्हणून कळवलं आणि हेन्रिएटेला फुलं पाठवली. तिला तू हवी आहेस. तिच्या भिंतीवर तुझाच फोटो आहे, चाचणीतला, नाक वाहतानाचा.

हो म्हण. माझ्यासाठी नको, मारितसाठी. आणि ऑगस्टमध्ये मला धक्क्याच्या एका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसू दे. अजून थोडं दिसतंय. मी तोंड उघडणार नाही.

आइलिफ


स्कार्वोय, ५ जून

आइलिफ,

इंगविल्डला मी हो म्हटलं आहे. तुला नाही.

खुर्ची मिळणार नाही. तुला मी अकरा मिनिटं फुकट बघायला मिळाले होते, तू तीन मिनिटांत उठलास. आता सगळ्यांबरोबर तिकीट काढून बघ.

तुझं पत्र वाचून मी खूप रडले, तेही सांगून टाकते. रागाने रडले. तू लग्न मोडलंस असं नाही, आपलं लग्न नव्हतंच. पण एक माणूस जगात असा आहे जो माझ्या म्हातारपणाची वाट बघतोय, ही गोष्ट मी पन्नास वर्षं उशाशी घेऊन झोपले. बाकीच्या बायका सुरकुती दिसली की घाबरायच्या. मी म्हणायचे, येऊ दे, कामाला येईल. आणि तू घाबरून पळालास. माझ्याकडे बघून!

तुझा नावाडी मूर्ख आहे हे मला चोविसाव्या वर्षीच वाटलं होतं. तेव्हा वाटलं, तू मृत्यूबद्दल लिहितोयस.

डोळ्यांचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्यासाठी मी तुला खुर्ची देणार नाही.

तोरुन


ऑस्लो, १२ सप्टेंबर २०२५

तोरुन,

सव्वा वर्षाने लिहितोय. लिहितोय म्हणजे मी बोलतोय आणि इथे माझी देखभाल करणारी सेलाम लिहून घेतेय. मी आता वृद्धाश्रमात आहे, तिसरा मजला. खिडकीतून फ्योर्डचं पाणी दिसतं असं मला सांगतात. सेलाम म्हणते, माझं बोलणं फार वळणं घेतं, म्हणून थोडक्यात सांगतो.

पाच तारखेला मी सिनेमा बघायला गेलो. तिकीट काढलं. तू मंचावर होतीस तेव्हा टाळ्या ऐकल्या. तू माझ्याकडे आली नाहीस, बरोबर केलंस.

डाव्या डोळ्याचं मधलं सगळं गेलं आहे. कडा राहिल्यात. मला धक्का दिसला. होडी दिसली. पाणी दिसलं, इंगविल्डने ते राखाडी ठेवलंय, मी निळं ठेवलं असतं आणि चूक केली असती. तुझ्या स्वेटरची बाही दिसली. नावाडी विचारतो तेव्हा थेटरात एक बाई हुंदका देताना ऐकली. आणि कॅमेरा तुझ्या चेहऱ्यावर गेला, आणि गेला तो तिथेच राहिला. किती वेळ? सेलाम माझ्यासोबत होती, ती म्हणते चार मिनिटं. चार मिनिटं माझ्यासमोर एक काळा खड्डा होता आणि आजूबाजूचं थेटर श्वास रोखून त्यात बघत होतं. मी मान वळवून वळवून बघितलं, कडेने पकडायला. मागचा माणूस म्हणाला, आजोबा, हलू नका.

मी सेलामला विचारलं, कशी दिसते? ती म्हणाली, "सुंदर." ती चांगली मुलगी आहे, तिला मला दुखवायचं नव्हतं. इंगविल्डला विचारलं, ती म्हणाली, "तोरुनसारखी." कुणीच सांगत नाही.

मला मागायचा हक्क नाही. तरी मागतो. तू सांग, तोरुन. तुझा चेहरा कसा आहे?

आइलिफ


स्कार्वोय, ३० सप्टेंबर २०२५

सेलाम,

तुमची माझी ओळख नाही, पण हे पत्र तुम्हीच वाचणार, म्हणून तुमच्या नावाने सुरू करते. त्याला खुर्चीत नीट बसवा. पुढचं सगळं सावकाश वाचा, आणि एकही शब्द मऊ करू नका. तो फार लाडावलेला माणूस आहे.

आइलिफ,

दहा दिवस मी तुला उत्तर न द्यायचं ठरवून बसले होते. यंदा बावीसपैकी दोनच बदकं आली, त्यांची रिकामी घरटी आवरताना तुला शिव्या घातल्या. मग काल आरसा खिडकीपाशी आणला, चष्मा लावला आणि समोर बसले. ऐक.

केस पांढरे नाहीत, पिवळट आहेत, आणि टाळूवर इतके विरळ की खालची गुलाबी कातडी दिसते. कपाळावर पाच आडव्या घड्या. डाव्या बाजूला कॉफीच्या बीएवढा तपकिरी डाग, त्याच्या खाली आणखी दोन, लहान. भुवया जवळजवळ नाहीत. उजवी पापणी अर्ध्या डोळ्यावर उतरली आहे, डावी थोडी कमी. माझ्या डोळ्यांच्या निळ्या रंगाबद्दल तू वर्तमानपत्रांत काय काय बोलला होतास. त्या निळ्याभोवती आता पांढुरकी कड आहे. डोळ्यांतून वाऱ्यात आपोआप पाणी येतं. लोकांना वाटतं मी रडते.

नाक लांबलं आहे. खरंच, नाक वाढतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नाकापासून हनुवटीपर्यंत दोन्हीकडे खोल चरे. डावीकडच्या दोन दाढा नाहीत, म्हणून तो गाल आत गेलाय आणि सगळं तोंड जरा तिकडे कललंय. वरच्या ओठावर उभ्या रेघा, अकरा, मोजल्या. हनुवटीवर तीन राठ केस. इंगविल्डने विचारलं होतं, काढायचे का? मी नाही म्हटलं, आणि ते पडद्यावर दिसतात, पुरुषभर उंच. हनुवटीखाली कातडी सैल लोंबते, बोलताना हलते. मानेवर ओरखडा आहे, तो म्हातारपणाचा नाही, मांजरीचा आहे.

तुझ्या आईला मी दोनदा भेटले होते. तिचा चेहरा गोल होता, तोंड लहान होतं, डोळे काळे होते. माझ्यात तिचं काहीही नाही, आइलिफ. केसाएवढंही नाही. तू तीन मिनिटांऐवजी चार बसला असतास तर तुला ते दिसलं असतं.

त्या चार मिनिटांत मी कसलाच अभिनय केला नाही. इंगविल्ड म्हणाली, तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाकडे बघा. मी बघितलं. चेहऱ्यावर राग होता, आणि रागाखाली लाज होती, आपण इतकी वर्षं वाट बघितली याची. आणि तरीही तो ओळखेल अशी आशा होती, ती मला लपवता आली नाही. तेवढी मात्र चोवीस वर्षांची होती.

हा माझा चेहरा. मला तो आवडतो. तुला आवडला असता की नाही, ते आता दोघांनाही कळणार नाही.

सेलाम, इथे थांबा. तो रडत असेल तर रडू द्या, लगेच पाणी आणायला धावू नका. त्याचं झालं की पुन्हा वाचा, कपाळापासून.

तोरुन